एक कान साहेबाचा

आमच्या महाविद्यालयात दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप समारंभ होतो. त्याचा क्रम ठरलेला असतो. प्राचार्यांचे भाषण, मुलांची दोन मनोगते, समोसा, आणि अगदी शेवटी गाणे. गाणेही ठरलेले. के. के. या नावाने गाणाऱ्या कृष्णकुमार कुन्नथ यांच्या 'पल' या संग्रहातले मैत्रीचे तरी, नाही तर आठवणींचे तरी. हा संग्रह १९९९ सालचा. आज ती गाणी म्हणणाऱ्या मुलांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पण दुसरे कडवे आले की मुलींचे डोळे भरतात, मुले एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात, आणि पहिल्या रांगेत बसलेले आम्ही प्राध्यापक उगाच चष्म्याच्या काचा पुसू लागतो. प्रत्येकाला त्या वेळी काही तरी आठवत असते. कोणाला वसतिगृहाची खोली, कोणाला एखादा चेहरा.

मला प्रॉव्हिडंट फंडाचे रजिस्टर आठवते. त्यातही एक पान, आणि त्या पानावरची सातवी ओळ.

ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितलेली नाही. मराठीच्या बाईंना हळवे गाणे ऐकून रजिस्टर आठवते हे कळले, तर मुलांचा साहित्यावरचा उरलासुरला विश्वासही उडायचा. परंतु दिवाळीच्या फराळाबरोबर अंक वाचणारा वाचक स्वभावतः क्षमाशील असतो. त्याला सांगायला हरकत नाही.

१९९९ च्या एप्रिलमध्ये माझी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली. आम्ही डोंबिवलीला राहत होतो. शेजारचे काका फोर्टातल्या एका जुन्या कंपनीत नोकरीला होते. एके दिवशी जिन्यात त्यांनी बाबांना गाठले आणि विचारले, "तुमची मुलगी टायपिंग शिकलीय ना? दोन महिने येईल का आमच्याकडे? पंधराशे देतील महिना." बाबांनी माझ्याकडे न बघताच "येईल की!" म्हणून टाकले. सुट्टीत मी कादंबऱ्या वाचत लोळणार आणि आईच्या बोलण्याला दर तासाला 'हूं' करणार, ही घरातली जुनी तक्रार होती. ती पंधराशे रुपयांत मिटत असेल तर बाबांना हवेच होते.

हे काम निघण्याचे कारण मोठे मौजेचे होते. पूर्वी कॉम्प्युटरची स्मरणशक्ती फार महाग असे. म्हणून सन लिहिताना चारांपैकी शेवटचे दोनच आकडे ठेवण्याची काटकसर जगभर रूढ झाली होती. बेचाळीस म्हणजे एकोणीसशे बेचाळीस, हे सर्वांनी समजून घ्यायचे. पण १ जानेवारी २००० ला त्या जागी दोन शून्ये येणार होती, आणि यंत्र त्यांचा अर्थ एकोणीसशे असा लावण्याची भीती होती. म्हणजे १९४२ साली जन्मलेल्या कामगाराचे वय त्या दिवशी उणे बेचाळीस वर्षे भरणार! अजून बेचाळीस वर्षांनी जन्माला येणाऱ्या माणसाला फंडाचे व्याज कसे द्यायचे? 'वायटूके' या चमत्कारिक नावाने ही काळजी त्या वर्षी वर्तमानपत्रांतून रोज छापून येत होती. आमच्या कंपनीने विचार केला, की नवी यंत्रे घ्यायचीच आहेत, तर कामगारांच्या फंडाची हस्तलिखित रजिस्टरेही त्यांत उतरवून टाकावी. सन मात्र चारही आकड्यांत. या उतरवण्याच्या कामाला कॉलेजातली चार मुले हवी होती. त्यांतली एक मी.

सकाळची डोंबिवलीची गाडी आणि बायकांचा डबा यांविषयी इतके लिहून झाले आहे, की मी काही भर घालावी असे नाही. व्हीटीला उतरायचे. नाव बदलून तीन वर्षे झाली होती, पण गाडीतल्या बायकांच्या तोंडी अजून व्हीटीच होते. मग दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींच्या सावलीतून हुतात्मा चौकापर्यंत चालत जायचे, आणि तिथून एका बोळात शिरायचे. दगडी इमारत, लाकडी जिना, वर लांबच लांब हॉल. छताला मोठे पंखे, आणि त्यांच्या वाऱ्याने उडणाऱ्या कागदांवर काचेची वजने. त्या हॉलच्या एका कोपऱ्यात काचेचा गाभारा उभारलेला होता. त्यात कॉम्प्युटर राहत. त्यांना उकडू नये म्हणून तिथे एअरकंडिशनर होता. माणसांसाठी पंखे पुरत. आत जाताना देवळाबाहेर काढतो तशा चपला बाहेर काढाव्या लागत. चपलांच्या धुळीने कॉम्प्युटर आजारी पडतात, अशी तेव्हा ठाम समजूत होती.

फंडाच्या विभागात नऊ कारकून होते, आणि त्यांत सर्वांत जुने अण्णा. ऑफिसात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणत. वय पंचावन्नच्या आसपास, राहायला गिरगावात, अंगात पांढरा बुशशर्ट, आणि खिशाला एक शाईचे पेन व एक निळी पेन्सिल. आमच्या पुढ्यात येणारी बहुतेक रजिस्टरे त्यांच्याच हातची. मी मराठीची विद्यार्थिनी. हस्ताक्षर चांगले असावे हे शाळेपासून ऐकत आले होते. पण तीस तीस ओळींचे पान, त्यात तिकीट नंबर, नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख आणि वारसाचे नाव अशी घरे, आणि सव्वीस वर्षांत एकाही अक्षराने आपल्या घराची भिंत ओलांडलेली नाही, असे अक्षर मी तोवर पाहिले नव्हते. नंतरही नाही.

पहिल्या दिवशी अण्णांनी माझ्या गळ्यातल्या वायरी पाहिल्या आणि विचारले, "हे काय, कानाचं यंत्र?"

तो वॉकमन होता. आतेभावाने वापरून टाकलेला. झाकणाला रबरबँड, आत दोन पेन्सिल सेल. ते लवकर संपू नयेत म्हणून कॅसेट मागे न्यायची झाली तर मी षटकोनी पेन्सिल तिच्या दात्यांत घालून हाताने फिरवत असे. डोंबिवली ते ठाणे या वेळात एक बाजू बरोबर मागे येई.

आजच्या मुलांना सांगितले पाहिजे, की आमच्या घरांत 'पॉप' या शब्दाचा अर्थ फार सैल होता. जे नाट्यगीत नाही, भावगीत नाही आणि सिनेमातलेही नाही, पण ज्याला ढोलकी नसून ड्रम आहे, ते पॉप. १९९५ साली अलिशा चिनॉय यांचे 'मेड इन इंडिया' आले, तेव्हा बाबांनी टीव्ही बंद करायला हात पुढे केला होता. पण त्या चित्रफितीतला देखणा तरुण म्हणजे मिलिंद सोमण आहे असे कळल्यावर आई म्हणाली, "राहू दे हो, आपला सोमणांचा मुलगा आहे." अशा रीतीने पॉप संगीत आमच्या घरात आडनावाच्या ओळखीने शिरले. पुढल्या वर्षी लकी अली यांचा 'सुनोह' आला. त्यांचा थकलेला आवाज ऐकून बाबांनी 'याला आधी जेवायला घाला' असा अभिप्राय दिला. आणि १९९८ साली सौमित्र यांचे शब्द आणि मिलिंद इंगळे यांचा आवाज असलेला 'गारवा' निघाला, तेव्हा तर आमच्या मराठीच्या वर्गातल्या मुलींना हायसे वाटले. आपल्या भाषेतही हे असे, सिनेमाचा हात न धरता, घरच्या कपड्यांत गाता येते, हे त्याने आम्हांला दाखवले होते. त्या उन्हाळ्यात माझ्या पिशवीत 'गारवा' होताच. आणि पहिल्या पंधरवड्याच्या पगारातून काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली नवी कोरी 'पल' होती. एका दिवसाची मजुरी त्या कॅसेटमध्ये गेली.

"कामाच्या वेळी गाणी?" अण्णा म्हणाले. मला वाटले, आता यंत्र जप्त होणार. पण ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "असं कर. एक कान साहेबाचा, एक तुझा. डाव्या कानात काय वाजवायचं ते वाजव. उजवा मोकळा ठेव. साहेब उजवीकडनं हाक मारतात."

हा करार मी पाळला.

रोज दुपारी तीनला अण्णा ताळा घ्यायला येत. चपला बाहेर काढत, आणि मेच्या भर उन्हाळ्यात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर चढवून काचेच्या गाभाऱ्यात प्रवेश करीत. भोकाभोकांच्या कडांचा लांबलचक कागद छपाईयंत्रातून चर्रर्र करीत बाहेर येई. अण्णा रजिस्टर मोठ्याने वाचत, मी कागदावर बघून "बरोबर" म्हणे, आणि ते निळ्या पेन्सिलीने खूण करीत. नाव? बरोबर. जन्म? बरोबर. वारस? बरोबर. साताऱ्याचे, कोल्हापूरचे, रत्नागिरीचे शेकडो कामगार आणि त्यांच्या बायका असे माझ्या ओळखीचे झाले. पार्वती, अनसूया, हौसा, सोना. एखादे संपूर्ण गाव दुपारी तीन ते साडेचार आमच्या टेबलावरून चालत जाई.

तो उन्हाळाही साधा नव्हता. मेमध्ये कारगिलच्या डोंगरांवर लढाई सुरू झाली होती आणि इंग्लंडात विश्वचषकाचे सामने चालू होते. १९ मे रोजी मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर वारले. त्यांचा मुलगा सचिन इंग्लंडहून आला, वडिलांचा अंत्यविधी करून परत गेला, आणि २३ मे रोजी केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा करून त्याने आकाशाकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दुसरा विषय नव्हता. मराठीच्या प्राध्यापकाविषयी इतकी माणसे इतक्या आदराने बोलताना मी त्यानंतर कधी ऐकलेली नाहीत. अण्णा मात्र एवढेच म्हणाले, "कामावर परत गेला. बरं केलं. घरी बसून माणूस खचतो."

एका दुपारी ताळा लवकर संपला आणि अण्णांनी विचारले, "तू ऐकतेस ते असतं तरी काय?" मी उजव्या कानाचे बोंडूक त्यांच्या पुढे केले. त्यांनी ते आधी रुमालाने पुसले, मग कानाजवळ, पण कानाला न लावता, अत्तराची कुपी धरावी तसे धरले. थोड्या वेळाने म्हणाले, "ठेका चांगला आहे. पण हे आम्ही एक्कावन्न सालीच ऐकलंय."

मग अण्णा बोलू लागले. लहानपणी गिरगावात त्यांच्या घरी रेडिओ नव्हता. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला लागे. ती ऐकायला ते कोपऱ्यावरच्या इराण्याच्या दुकानाबाहेर उभे राहत. आत बसायला चहाचे पैसे नसत. त्याच सुमारास केंद्रात नभोवाणीमंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकरांना सिनेमाची गाणी अभिरुचीला घातक वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली, आणि सारा देश सिलोनकडे कान लावून बसला. शेवटी १९५७ साली सरकारलाच विविधभारती सुरू करावी लागली. "माझे वडील केसकरांच्या बाजूचे," अण्णा हसून म्हणाले. "'अलबेला'तली गाणी गुणगुणलो म्हणून मार खाल्लाय मी. आता तीच जुनी, चांगली गाणी झाली! सी. रामचंद्रांनी इंग्रजी बाजे वाजवले तेव्हा तेही पॉपच होतं की. भगवानदादा नाचले, त्याला कोण संस्कृती म्हणालं होतं?"

मला मोठा साक्षात्कार झाला. बाबांनी टीव्हीकडे नेलेला हात हा त्यांचा एकट्याचा नव्हता. तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. मी मात्र तेव्हा मनाशी ठरवले, की माझा हात असा कधी पुढे होणार नाही. अलीकडे माझ्या मुलाच्या खोलीतून येणारे आवाज ऐकून तो दारापर्यंत गेला आहे, एवढे प्रामाणिकपणे नोंदवते.

त्या दिवसापासून ताळ्याच्या वेळी उजवे बोंडूक अण्णांचे झाले. दीड हात वायरीत दोन माणसे बांधलेली म्हणून ते खुर्ची जरा जवळ ओढून घेत. आणि दोघांच्या कानांत गाणे असताना मोठ्याने वाचणे जमेना, तेव्हा अण्णा रजिस्टर आणि छापील कागद शेजारी शेजारी ठेवून, लाकडी पट्टी एकेक ओळ खाली सरकवत, एकटेच ताळा घेऊ लागले.

आता ती सातवी ओळ.

एकेका कामगाराची आडवी ओळ भरत जाण्यापेक्षा एकेक घर उभे भरत खाली गेले तर काम लवकर होते, असा शोध मी लावला होता. आधी तीस नावे, मग तीस तारखा, मग तीस वारस. गाण्याचा ठेका धरला की हात आपोआप चाले. नाव, कळ, खाली. नाव, कळ, खाली. मेच्या शेवटच्या आठवड्यात 'पल'च्या ठेक्यावर मी एक पान असेच भरले. त्या पानावर सातव्या ओळीतला गृहस्थ अविवाहित होता आणि त्याच्या वारसाच्या घरात अण्णांनी फक्त एक सुबक आडवी रेघ ओढली होती. मी रेघेवरून घसरले. आठव्याची बायको सातव्याला दिली, नवव्याची आठव्याला, आणि अशी शेवटपर्यंत. तिसावे घर रिकामे राहिले, तेव्हा मला शंका यायला हवी होती. पण हाच तो अविवाहित माणूस असावा असे मला वाटले, आणि त्याच्याविषयी किंचित वाईटही वाटले. अशा रीतीने एका गाण्याच्या अवधीत मी एका ब्रह्मचाऱ्याचे लग्न लावले, एकाचा संसार मोडला आणि बावीस बायकांना परक्या घरी पाठवले.

दुपारी अण्णांनी त्या कागदावर तीस निळ्या खुणा केल्या. खाली सही केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी यंत्रे रीतसर चालू झाली. रजिस्टरे बासनात बांधून तळमजल्याच्या गोदामात गेली. 'यापुढे कॉम्प्युटर सांगेल ते खरे,' असे एक परिपत्रक फिरले. पावसाला सुरुवात झाली होती. अशाच एका ओल्या सकाळी साताऱ्याकडच्या खेड्यातून रात्रभर एस्टीने प्रवास करून एक बाई आली. बरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा. नवरा महिन्यापूर्वी गेला होता. फंडाचे पैसे मागायचे होते. खिडकीवरच्या कारकुनाने तिकीट नंबर दाबला, पडद्याकडे पाहिले आणि सांगितले, "बाई, तुमचं नाव नाही यात. दुसऱ्याच बाईचं आहे."

ती साहेबांच्या केबिनपर्यंत गेली. साहेबांनीही पडदा पाहिला. साहेब वाईट नव्हते. पण सवत, गावाकडची बायको, शहरातली बायको असली प्रकरणे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती. ते जरा आवाज खाली करून म्हणाले, "तुमच्या यजमानांनी कदाचित दुसरं नाव दिलं असेल."

बाई रडली नाही. ओला पदर पिळत तिने विचारले, "मंग सायेब, मी कुणाची म्हून लिवलीया तुमच्या यंत्रात?"

मी काचेच्या आत होते. उजवा कान मोकळा होता, म्हणून मला हे ऐकू आले. तिचे नाव ऐकू आले. ते मी टाइप केले होते. तेराव्या माणसाची म्हणून रजिस्टरात असलेली बाई मी बाराव्याला दिली होती, आणि या बाराव्याच्या बायकोला अकराव्याकडे पाठवले होते. डाव्या कानात गाणे चालूच होते. ते बंद करण्याचेही मला सुचले नाही.

अण्णा उठले. कोणाला काही न बोलता गोदामात गेले. तासाभराने, डोक्याला जाळी लागलेली, काखेत बासन, असे वर आले. रजिस्टर उघडून त्यांनी पट्टी ठेवली. बारावी ओळ. तिकीट नंबर, नाव, आणि वारसाच्या घरात त्या बाईचे नाव, २२ वर्षांपूर्वीच्या शाईत. साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मग अण्णांकडे वळून विचारले, "या पानाचा ताळा कुणाचा?"

मी दारात उभी होते. "टायपिंग माझं होतं" हे तीन शब्द माझ्या जिभेवर होते. तीन शब्दांना किती वेळ लागतो? मी मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झालेली मुलगी. पण ते निघाले नाहीत.

"माझा," अण्णा म्हणाले. "सही आहे माझी."

त्यानंतर तीन दिवस आम्ही सगळी पाने पुन्हा ताडून पाहिली. असे पान तेवढे एकच निघाले. त्या बाईचे काम पुढे झाले. निदान अर्जावर साहेबांची सही झालेली मी पाहिली. मुलाने जाताना काचेला नाक लावून आतली यंत्रे बघून घेतली.

कॉलेज उघडायच्या आधीचा माझा शेवटचा दिवस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला. त्याच सुमारास विभागात ऐच्छिक निवृत्तीची पत्रे वाटली गेली होती. नऊपैकी दोघांना ठेवायचे होते, बाकीच्यांनी आपण होऊन निवृत्तीची इच्छा व्यक्त करायची होती. आम्ही चार मुलांनी सात आठवड्यांत जे उतरवून काढले, त्यामुळे ही इच्छा निर्माण झाली होती, हे मला त्या दिवशी शिपायाकडून समजले. राहणाऱ्या दोघांत आधी अण्णांचे नाव होते, असेही तो म्हणाला. नंतर ते नव्हते. त्या पानामुळे की दुसऱ्या कशामुळे, ते मला कोणी सांगितले नाही, आणि विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

तीन वाजता अण्णा सवयीने आत आले. ताळा घ्यायला काही नव्हते. मी एका दमात म्हणून टाकले, "अण्णा, ते पान मी चुकवलं होतं. मी बोलायला हवं होतं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "सातवी ओळ. रेघेवरून घसरलीस."

"मग तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?"

अण्णांनी स्वेटरची बटणे लावली. "टायपिंग चुकतंच. म्हणून तर ताळा असतो. सहा ओळी मी नीट पाहिल्या, बरोबर निघाल्या. सातवीला ते गाणं रंगात आलं. पुढच्या चोवीस खुणा मी ठेक्यावर केल्या." ते थोडे थांबले. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मजा आली होती, खोटं कशाला बोलू."

तोपर्यंत मी असे धरून चालले होते, की अण्णांनी माझ्यासाठी त्याग केला. कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलीला ते सोयीचे होते. त्यांनी तसे काही केले नव्हते. जेवढी चूक त्यांची होती तेवढी त्यांनी घेतली. माझी माझ्यासाठी तशीच शिल्लक ठेवली.

मी 'पल'ची कॅसेट त्यांना देऊ केली. त्यांनी नको म्हटले. घरी फक्त ट्रान्झिस्टर होता. "त्यापेक्षा तेवढं गाणं लाव. त्या दिवशी साडेचार झाले आणि शेवट राहिला." मी पेन्सिलीने फीत मागे घेतली. उजवे बोंडूक त्यांनी या वेळी रुमालाने न पुसता सरळ कानात घातले. पण सेल संपत आले होते. गाणे सुरू झाले आणि दुसऱ्या कडव्यापाशी आवाज जड होऊ लागला, ओढत ओढत चालला, एकेक शब्द पायरी चढल्यासारखा येऊ लागला. मला शरमल्यासारखे झाले.

"दमला वाटतं," अण्णा म्हणाले. आम्ही दोघेही हसलो. गाणे कुठे तरी मध्येच थांबले.

गिरगावात जाऊन अण्णांना भेटायचे माझ्या मनात कितीदा तरी आले, आणि राहून गेले. १ जानेवारी २००० उजाडला. बँका उघडल्या, गाड्या धावल्या, कोणाचेही वय उणे झाले नाही. सिनेमावाचून गाणाऱ्यांचा तो बहरही पुढे पाचसात वर्षांत ओसरला, आणि बरेचसे आवाज सिनेमातच गेले. २००२ साली भगवानदादा दादरच्या चाळीत वारले. २०१६ साली ऱ्हिदम हाऊस बंद झाले. ३१ मे २०२२ च्या रात्री कोलकात्यात नझरुल मंचावरचा कार्यक्रम संपवून के. के. हॉटेलवर गेले आणि त्या रात्रीच गेले. वय त्रेपन्न. त्या उन्हाळ्यातल्या अण्णांहून दोनएक वर्षे लहान. गायक म्हणून नाव होण्याआधी त्यांनीही काही महिने हॉटेल व्यवसायात नोकरी केली होती, हे मी त्या दिवसांत वाचले, आणि का कोण जाणे, मला बरे वाटले.

आता परीक्षेचे गुण आम्हांला कॉम्प्युटरवर भरावे लागतात. तरुण सहकारी कानात काही तरी अडकवून भराभरा भरतात. मी आडवी ओळ भरते, उभी भरत नाही. गैरहजर विद्यार्थ्यापुढे आडवी रेघ असली की तिथे बोट ठेवते. मग लाकडी पट्टी घेऊन दुसऱ्यांदा ताळा पाहते. माझे काम सगळ्यांत शेवटी संपते, आणि बाईंना कॉम्प्युटर येत नाही अशी माझ्या मागे कुजबूज आहे.

निरोप समारंभात मात्र मुले ते गाणे म्हणू लागली की मी गुपचूप ऐकते. डाव्या कानाने. उजवा कान मोकळा असतो, आणि त्या कानाला दर वर्षी एकच प्रश्न ऐकू येतो. ओला पदर पिळत कोणी तरी विचारत असते, मी कुणाची म्हणून लिहिली आहे. तेव्हा मी मनातल्या मनात पट्टी बारा ओळी खाली सरकवते आणि ते नाव पुन्हा एकदा योग्य घरात वाचून घेते.